सहावी सूना

आमच्या स्मृतिकारांनी गृहस्थाश्रमाचे जे विवेचन केले आहे, त्यात पंचसूना म्हणून एक कल्पना आहे. सूना म्हणजे वधस्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने होत. कारण चुलीत सरपणाबरोबर किडे जळतात, जात्यात धान्याबरोबर अळ्या भरडल्या जातात, केरसुणीखाली मुंग्या चिरडतात, आणि उखळात व घागरीच्या बुडाशीही काही जीव प्राणास मुकतात. गृहस्थ हे कर्म बुद्ध्या करीत नाही. त्याला कोणाचा जीव नको असतो. त्याला भाकरी हवी असते. तथापि 'तुझा हेतू निर्मळ आहे, सबब तू निर्दोष आहेस' असे सांगून स्मृतिकार त्याला मोकळा सोडीत नाही. तो म्हणतो, तुझ्या घरात रोज पाच ठिकाणी हत्या होते. ती तुला टळावयाची नाही. म्हणून तू रोज पाच यज्ञ कर. त्या पाचांपैकी भूतयज्ञ हा तर थेट मुक्या जीवांसाठीच आहे. शिजलेल्या अन्नातला वाटा कुत्र्याला, कावळ्याला, कृमिकीटकांना बाहेर नेऊन ठेवावयाचा, आणि मग आपण पानावर बसावयाचे. आमच्या आजोळी हा क्रम आम्ही लहानपणी पाहिलेला आहे. त्या वेळी तो आम्हांस जेवण लांबविण्याचा एक उपाय वाटे.

मनुस्मृतीचा उल्लेख होताच आजच्या वाचकाच्या कपाळास आठी पडावी, हे आम्हांस योग्यच वाटते. ज्या ग्रंथाने माणसामाणसांत उच्चनीचतेच्या भिंती बांधल्या, आणि ज्याचे १९२७ साली महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाहीर दहन झाले, त्याची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एखाद्या मोडक्या वाड्यातली एक तुळई शाबूत असेल, तर ती काढून घेण्यास वाड्याचे समर्थन करावे लागत नाही. पंचसूनेची कल्पना ही अशी तुळई आहे. तिच्यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे, जी सांप्रतच्या सुधारलेल्या नीतिशास्त्रात सहसा सापडत नाही: हेतूवाचून घडलेल्या हत्येचेही ऋण असते, आणि ते ऋण केवळ मनात खेद मानून फिटत नाही.

ज्या काळी ही कल्पना निघाली, त्या काळी गृहस्थाचे हत्यार जाते हे होते. आज आमच्या घरात जाते नाही, उखळ नाही, घागर शोभेपुरती आहे. मग आम्ही अहिंसक झालो काय? तसे नाही. वधस्थान घरातून उठून दाराबाहेर गेले आहे, एवढेच. त्याचे नाव रस्ता. आमच्या मते आजच्या नगरवासी गृहस्थाची ती सहावी सूना होय. आणि या सूनेचे प्रायश्चित्त कोणते, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही ठाण्यास घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या एका वसाहतीत राहतो. या रस्त्याच्या दक्षिणेस येऊरचे डोंगर आणि त्यांना लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे अरण्य आहे. कोट्यवधी माणसांच्या वस्तीने तीन बाजूंनी वेढलेले एवढे अरण्य, आणि त्यात मुक्त हिंडणारे बिबटे, ही जगात विरळा अशी वस्तू आहे. मुंबईस पाणी पुरविणारे तुळशी व विहार हे तलाव तेथेच आहेत. कान्हेरीची लेणीही तेथेच. उद्यानात व आसपासच्या वनात २०१८ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने जी गणना झाली, तीत ४७ बिबटे आढळले. रस्त्याच्या उत्तरेस वसईच्या खाडीपर्यंत याच वनाचा एक तुकडा आहे, त्यास नागला म्हणतात; आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वराचे रान. म्हणजे घोडबंदर रस्ता हा अरण्याच्या कडेने गेलेला आहे असे आम्ही जे बोलतो, ते आमच्या सोयीचे बोलणे आहे. वास्तविक तो काही ठिकाणी अरण्याच्या अंगातून गेलेला आहे.

रस्ता प्राण्यांना दोन प्रकारे मारतो. पहिला प्रकार सर्वांना दिसतो: धडक. दुसरा दिसत नाही, पण तो अधिक दूरगामी आहे. रस्ता रुंद झाला, त्यावर रात्रभर दिवे व वाहनांची रीघ लागली, म्हणजे पुष्कळसे प्राणी तो ओलांडण्याचे सोडूनच देतात. मग इकडचा नर तिकडच्या मादीस भेटत नाही. वयात आलेल्या पिलास नवे रान सापडत नाही. एका बाजूस रोगराई झाली तर दुसरीकडून भर पडत नाही. बेटावर अडकलेल्या कुळासारखी त्या प्राण्यांची अवस्था होते. त्यांच्या प्रेतांचा खच पडत नाही, म्हणून कोणी हळहळतही नाही. रस्त्यावर मेलेला प्राणी दिसेनासा झाला, याचा अर्थ कधीकधी तेथे मरावयास प्राणीच उरला नाही, असाही असतो.

आता आम्हांस स्वतःविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. कारण दुसऱ्याच्या पापाविषयी निबंध लिहिणे फार सोपे असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील रहिवाशांनी आपल्या भागातील एक रस्ता रुंद करावा व त्यावर दिवे लावावेत असा अर्ज केला. रस्ता अरुंद व अंधाराचा होता. मुलींना शिकवणीहून परतताना भय वाटे. एकदा रुग्णवाहिका अडकून पडली होती. मागणी न्याय्य होती. अर्जाचा मसुदा करण्याचे काम, प्राध्यापक म्हणून, आमच्याकडे आले. तो आम्ही चांगला केला. त्यात नागरिकांचे हक्क होते, स्त्रियांची सुरक्षितता होती, वृद्धांची गैरसोय होती. रस्त्याच्या एका बाजूस अरण्य आहे, ही गोष्ट मात्र त्या दोन पानांत कोठेही नव्हती. ती आम्ही लपविली नाही. ती आम्हांस सुचलीच नाही. रस्ता यथावकाश झाला.

पुढे एका पावसाळ्यात बोरिवलीहून एका विवाहसमारंभाहून रात्री परत येत असता, त्याच रस्त्यावर आमच्या मोटारीपुढे काही आडवे आले. धक्का अगदी हलका बसला. आमच्या सौभाग्यवती ओरडल्या, "अहो, थांबा ना!" आम्ही लगेच थांबलो नाही, मागे वाहन आहे असे काहीतरी म्हणालो आणि पन्नास-साठ पावलांवर जाऊन थांबलो. मागे वाहन नव्हते. परत येऊन पाहतो तो एक उदमांजर कडेला पडले होते. फळे खाऊन राहणारा, कधी जुन्या घरांच्या माळ्यावरही बिऱ्हाड करणारा हा गरीब प्राणी. लहानपणी आजोळी त्याची खुडबुड ऐकून आम्ही भुताच्या गोष्टी रचीत असू. ते अजून श्वास घेत होते. सौभाग्यवतींनी आपली शाल त्याच्यावर घातली. थोड्या वेळाने श्वास थांबला. आम्ही शाल तेथेच ठेवून घरी आलो आणि या विषयावर पुन्हा बोललो नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो व त्याचे काही मित्र रोज पहाटे दुचाकीवरून ठरावीक रस्त्यांवर फेरी मारतात आणि वाहनाखाली मेलेल्या प्राण्यांची छायाचित्रासह नोंद करतात. त्याने आपला तक्ता आम्हांस दाखविला. दिनांक, ठिकाण, जात, शेरा असे चार रकाने. घोरपड, धामण, मुंगूस, बेडूक, पिंगळा, पुन्हा धामण. आणि दुसऱ्या पानावर आमच्या रस्त्याचे नाव, तो दिनांक, आणि 'उदमांजर'. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिले होते: 'अंगावर शाल. कारण अज्ञात.'

आम्ही ते कारण त्यास सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला; मग म्हणाला, "सर, तुम्ही निदान थांबलात. पण मला एक विचारायचंय. आम्ही वर्षभर हे मोजतोय. मोजून नेमकं होतं काय?"

हाच तो प्रश्न. मोजणे म्हणजे राखणे काय? आम्ही त्या दिवशी त्यास काही गुळमुळीत उत्तर दिले. या लेखात जे लिहीत आहो, ते त्या उत्तराची दुरुस्ती होय.

प्रथम निराशेची बाजू पुरती मांडली पाहिजे. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ नर बिबट्या बाहेर काढून, त्याच्या मानेस रेडिओ गळपट्टा बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आला. विद्या अत्रेय या संशोधिकेच्या अभ्यासाचा तो भाग होता. त्याच्या शांत स्वभावावरून त्याचे नाव आजोबा पडले. हा आजोबा महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालला. त्याने महामार्ग ओलांडले, कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडला, वसईची खाडी ओलांडली, आणि तो मुंबईच्या उद्यानात येऊन पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसास ओरखडाही काढला नाही. बिबट्या माणसांच्या वस्तीतून कसा निमूटपणे जातो, याचे एवढे पुराव्यानिशी ज्ञान आम्हांस त्यापूर्वी नव्हते. २०११ च्या अखेरीस मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. ज्याचे पाऊल न् पाऊल आम्ही टिपले, ज्यास नाव दिले, ज्याचे कौतुक केले, त्यालाही आम्ही रस्त्यावरून सुखरूप पलीकडे पोहोचवू शकलो नाही. मोजल्याने तो वाचला नाही.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. मोजणी ही पुष्कळदा रस्त्याची शत्रू नसून त्याची करवली असते. रस्ता व्हावयाचा हे आधी ठरते. मग त्याच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल मागविण्यात येतो. अहवालात प्राण्यांची यादी असते, परिणाम सौम्य राहतील असा अभिप्राय असतो, आणि काम चालू असता देखरेख ठेवू असे वचन असते. म्हणजे जो जीव मारावयाचा, त्याची जनगणना करून त्याला मारावयाचे. ज्या मोजणीच्या अंती उत्तर काहीही आले तरी रस्ता तोच राहतो, ती मोजणी शास्त्राचा वेष घेतलेली मृत्युनोंद होय. तीमुळे प्राणी वाचत नाहीत. आमची झोप मात्र वाचते.

या दोन आक्षेपांमुळे आमचे काही मित्र अशा नोंदींस थोतांड म्हणून मोकळे होतात. आम्हांस तसे वाटत नाही. कारण जेथे मोजणीला वेळ आणि बळ या दोन गोष्टी मिळाल्या, तेथे तिने काय केले, याची उदाहरणे जगापुढे आहेत. ती शहराबाहेरची आहेत; तथापि शहराने शिकावे अशीच आहेत.

पहिले उदाहरण वेळेचे. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गास दोन्ही बाजूंनी कुंपण घालून प्राण्यांसाठी वरून पूल व खालून वाटा ठेवण्यात आल्या आणि १९९६ पासून त्या वाटांवर सतत पाळत ठेवण्यात आली. हरणे त्या वाटांना लवकर सरावली; परंतु ग्रिझली अस्वलांना त्यांचा विश्वास वाटावयास कित्येक वर्षे लागली. दोन वर्षांनी मोजणी बंद केली असती, तर पूल फुकट गेले असाच निष्कर्ष निघाला असता. ती बंद केली नाही, म्हणून प्राण्यांच्या धडका शेकडा ८० हून अधिक कमी झाल्याचे सिद्ध करता आले. दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. त्याच्या रुंदीकरणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतील पट्ट्यात रस्ता उचलून घेऊन त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मोकळ्या वाटा ठेवाव्या लागल्या. त्यांतील सर्वांत मोठी ७५० मीटर रुंद आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली तेथे कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा १८ जातींचे वन्य प्राणी त्या वाटांनी ये-जा करताना दिसले, आणि वाघ ८९ वेळा गेल्याची नोंद झाली. वरून मालमोटारी धावत आहेत आणि खालून वाघ चालला आहे, हे दृश्य कोणत्याही नीतिपाठाहून आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. तिसरे उदाहरण कर्नाटकातील बांदीपूरचे. रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी पुढे ठेवल्या गेल्या, आणि २००९ साली तेथील राष्ट्रीय महामार्गावर रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीस बंदी झाली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. येथे मोजणीने रस्त्याला प्रत्यक्ष 'नाही' म्हणून दाखविले.

या तिन्ही ठिकाणी आणि आमच्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात फरक कोणता? नोंदी घेणाऱ्याच्या कळकळीचा फरक नाही. फरक असा की तेथे नोंदीच्या पाठीमागे काहीतरी देण्याची तयारी होती. कोणी पैसा दिला, कोणी वेग दिला, कोणी रात्रीचे नऊ तास दिले. येथे आम्हांस पुन्हा पंचसूनेची आठवण होते. त्या विधीचे दोन भाग आहेत. पहिला, वधस्थानाला वधस्थान म्हणणे. दुसरा, आपल्या ताटातला वाटा काढून देणे. पहिल्यावाचून दुसरा आंधळा आहे, कारण कोणाला किती द्यावयाचे हे कळत नाही. दुसऱ्यावाचून पहिला पोकळ आहे. मोजणी हे प्रायश्चित्ताचे अर्धे अंग होय. आणि आमच्या शहरांनी हे अर्धे अंग करून पूर्ण पुण्य पदरात पाडण्याची सवय लावून घेतली आहे, हा आमचा मुख्य आरोप आहे.

प्रायश्चित्ताची आणखी एक मर्यादा आहे. ते अपरिहार्य दोषासाठी असते. चूल पेटविल्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून चुलीच्या दोषास यज्ञाचा उतारा. पण यज्ञ करता येतो म्हणून कोणी घरात दहा चुली मांडीत नाही. आज नेमके असेच चालले आहे. झाडे तोडू आणि दुसऱ्या जिल्ह्यात लावू. वाट अडवू आणि अहवाल लिहू. उतारा उपलब्ध आहे, एवढ्याच बळावर विष घेतले जात आहे. तेव्हा मोजणी खरी की खोटी हे ओळखण्याच्या तीन खुणा आम्ही सुचवितो. ती रस्ता ठरण्यापूर्वी झालेली असावी, ठरल्यानंतर नव्हे. ती करणारा रस्त्यापासून लाभ घेणारा नसावा. आणि तिचे उत्तर प्रतिकूल आल्यास रस्ता वळावा, थांबावा, अथवा निदान रात्री निजावा, अशी तरतूद आधीच लिहून ठेवलेली असावी. या तीन खुणांपैकी शेवटची नसेल, तर पहिल्या दोन असूनही फारसा उपयोग नाही.

आमच्या परिसरात या कसोटीचा प्रसंग लवकरच यावयाचा आहे. ठाण्याच्या टिकुजिनी वाडीपासून बोरिवलीच्या मागाठाण्यापर्यंत उद्यानाच्या पोटातून जाणाऱ्या जोड बोगद्याच्या कामाची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. घोडबंदरचा लांबचा वळसा त्यामुळे वाचेल, असे सांगण्यात येते. जमिनीखालून गेल्याने वरच्या प्राण्यांची वाट अडत नाही, हे कोणीही कबूल करील. अरण्य चिरून रस्ता नेण्यापेक्षा हा विचार निश्चितच बरा. पण बोगद्याच्या तोंडाशी काय होते, डोंगराच्या झऱ्यांचे काय होते, हे वर्षानुवर्षे पाहावे लागेल. आणि खरा प्रश्न तर निराळाच आहे. बोगदा झाल्यावर जी वाहने घोडबंदर सोडून जातील, त्यांची जागा आम्ही रिकामी ठेवू काय? नागल्याकडे जाणाऱ्या बिबट्याला रात्रीचे चार तास तरी तो रस्ता आम्ही परत देऊ काय? की रिकामी झालेली जागा नव्या वाहनांनी भरून टाकू, आणि बोगदा प्राण्यांसाठी केला असे म्हणत राहू? पहिले केले तर तो भूतयज्ञ. दुसरे केले तर ती केवळ सोय, आणि तीवर लावलेले दयेचे लेबल.

येथे कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, आपल्यास घर आहे, मोटार आहे. ज्याला रोज तीन तास गर्दीत उभे राहून पोटामागे जावे लागते, त्याला हे ऐकवा. माणूस आधी की उदमांजर? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. अर्जातली अडकलेली रुग्णवाहिका खरी होती, आणि आज तो अर्ज पुन्हा लिहावयाचा झाला तर ती आम्ही त्यातून वगळणार नाही. पण आम्ही असे विचारतो, की रस्त्याच्या विरुद्ध बाजूस खरोखर माणूस उभा होता काय? दिव्यांना खाली तोंडाची झाकणे लावली असती, रात्री वेग कमी ठेवणारे उंचवटे घातले असते, ओढ्यावरचा पूल दोन हात उंच व रुंद करून खालून कोरडी वाट ठेवली असती, तर कोणत्या रुग्णाचा जीव गेला असता? बहुतेक वेळा तंटा माणूस आणि प्राणी यांच्यात नसतो. आमची पाच मिनिटे आणि प्राण्याचे आयुष्य यांच्यात असतो, आणि त्या पाच मिनिटांना आम्ही माणुसकीचे नाव देतो. शिवाय त्या अरण्यात माणसेही आहेत. येऊरच्या व उद्यानाच्या पाड्यांतून राहणारे वारली लोक वाघोबाला देव मानतात. दगडावर अगर लाकडावर वाघाची आकृती, सूर्य व चंद्र कोरून त्याची पूजा करतात, त्याचा वाटा त्याला देतात, आणि त्याने आपल्या माणसांना व गुरांना सांभाळावे अशी अपेक्षा ठेवतात. तो एक करार आहे. शेजारी भयंकर असला तरी शेजारी आहे, एवढे त्या कराराने मानलेले आहे. आम्ही शिकलेल्या लोकांनी त्याच शेजाऱ्याच्या अंगणातून रस्ता नेला, आणि करार मात्र ठेकेदाराशी केला.

पाश्चात्त्य नीतिशास्त्र आम्ही महाविद्यालयात तीस वर्षे शिकविले. कान्ट म्हणतो की प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य हे वस्तुतः माणुसकीविषयीचेच कर्तव्य होय. जो मुक्या जनावराशी निर्दय होतो, तो माणसांशीही तसाच होतो. बेन्थमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातील एका टीपेत प्रश्नच बदलला: त्यांना तर्क करता येतो की नाही, हे विचारू नका, त्यांना वेदना होते की नाही, हे विचारा. दोघांचेही म्हणणे आम्हांस मान्य आहे, आणि दोघांच्याही हातून आमचा प्रसंग निसटतो. आम्ही निर्दय नव्हतो. आम्ही घाईत होतो. आणि जी पिले रस्त्यापलीकडे कधी गेलीच नाहीत, म्हणून जी पुढची पिढी जन्मलीच नाही, तिची वेदना बेन्थमच्या तराजूत कशी घालावयाची? उलट शास्त्रज्ञाचा तक्ता त्या न जन्मलेल्या पिढीचा हिशेब ठेवू शकतो. पण पावसात शालीखाली थांबलेला तो श्वास त्याच्या रकान्यात बसत नाही. जात वाचविणारी बुद्धी आणि जीव पाहून द्रवणारे मन, ही दोन्ही लागतात, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. केवळ हळहळणारा माणूस एक घोरपड उचलून झुडपात ठेवील आणि शंभर घोरपडींची वाट बंद करणाऱ्या अर्जावर सही करील. आम्ही त्याचे उदाहरण आहो.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आमचे दुरुस्त उत्तर असे: मोजीत राहा. ज्याची नोंद नाही, त्याच्याविषयी कोणापुढे दावा मांडता येत नाही; बांदीपूरची रात्र नोंदींनीच मिळविली. परंतु मोजून झाले म्हणजे कर्तव्य झाले, असे समजू नको, आणि आम्हांसही समजू देऊ नको. तक्ता ज्याच्या हाती द्यावयाचा, त्याच्याकडे त्याचा वाटा माग. आणि तो वाटा प्रथम आमच्यासारख्यांकडे माग; कारण रस्ता सरकारने बांधला, ठेकेदाराने केला, हे खरे असले, तरी मागितला आम्ही.

त्याप्रमाणे आम्ही वसाहतीच्या सभेपुढे दुसरा अर्ज ठेवला. रात्री दहानंतर त्या रस्त्याचे निम्मे दिवे मंद करावेत, उंचवटे घालावेत, आणि ओढ्याजवळचे बुजलेले मोरीचे तोंड मोकळे करावे, अशी त्यात विनंती आहे. मसुदा पहिल्याइतका चांगला झालेला नाही, असे आमचे आम्हांसच वाटते. दुसऱ्यासाठी मागताना शब्द तितके सहज सुचत नाहीत. पहिल्या अर्जावर एका संध्याकाळी सर्वांच्या सह्या झाल्या होत्या. या अर्जावर आजपर्यंत अकरा झाल्या आहेत. उंचवट्यांनी मोटारीचे नुकसान होते, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. आणि ते खोटे नाही.

आमचा विद्यार्थी अजून पहाटे फेरी मारतो. मागल्या भेटीत त्याने जुना तक्ता पुन्हा दाखविला. उदमांजरापुढील शेऱ्यातले 'कारण अज्ञात' हे शब्द त्याने खोडले होते; पण त्या जागी काही लिहिले नव्हते. आम्हांस वाईट वाटेल म्हणून त्याने ती जागा कोरी ठेवली असावी. आम्ही त्याच्या हातून लेखणी घेतली आणि तेथे आमचे नाव लिहिले.